मग मी शिकून काय करू?

यंत्रं माणसापेक्षा हुशार होणारच असतील, तर आता शिकून करायचं काय? हा प्रश्न हल्ली मुलंही विचारतात आणि पालकही. उत्तर म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगा बारावीचा. तीन महिने क्लास बंद, रात्री तीनपर्यंत मोबाइल, ताटात अन्न तसंच. वडील म्हणाले, "मॅडम, मोबाइलचं व्यसन आहे, दुसरं काही नाही." मुलगा मान खाली घालून अंगठ्याच्या नखाजवळची साल सोलत होता. तिथे रक्त आलं होतं. मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "एआय माणसाच्या हाताबाहेर जाईल अशी भीती तज्ज्ञांनाच वाटते, मी वाचलंय. काही होत नाही, असं तुम्हीही सांगणार ना?"

नाही सांगितलं. कारण त्याने वाचलेलं खरं होतं. एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०२३ मध्ये गुगल सोडून धोक्यांबद्दल उघड बोलू लागले. पुढच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा माणसाला वाटणारी काळजी सतरा वर्षांच्या पोराला वाटली, तर त्याला वेड्यात काढू नये. मी एवढंच म्हणाले, "तुझी भीती खोटी नाही. पण रात्री तीन वाजता, एकट्याने तिचा निकाल लागणार नाही."

तो बुद्धिबळ खेळायचा, तेही सोडलं होतं. मी म्हटलं, १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तरी खेळ संपला नाही. उलट यंत्राबरोबर सराव करतच आजचे खेळाडू घडतात. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तो लगेच म्हणाला, "आणि ली सेडॉल? गो या पटावरच्या खेळातला तो दिग्गज यंत्राकडून हरला, २०१९ मध्ये निवृत्त झाला. म्हणाला, याला हरवताच येत नाही. शिवाय पटावरचं यंत्र पटाबाहेर काही करत नाही, मॅडम."

मुद्दा बिनतोड होता. मी तसं कबूल केलं. पटाबाहेर यंत्राने काय करावं, चुकलं तर जबाबदार कोण, थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे माणसांनीच ठरवायचंय आणि ते अजून ठरलेलं नाही. "हे ठरवायला शिकलेली माणसं लागतील," मी म्हणाले. तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलू लागला. मला वाटतं, मी हरले म्हणूनच.

मग विचारलं, "हे सुरू कधी झालं?" वडील छोट्या दुकानांचे हिशेब लिहितात. एका रात्री जेवताना ते म्हणाले होते, "आणखी दोन दुकानं गेली. आता ॲपच करतं सगळं." एवढं बोलून ते उठले, हात धुतले आणि झोपायला गेले. त्यानंतर घरात तो विषय कुणीच काढला नाही. मुलगा मात्र त्या रात्रीपासून जगाच्या अंताचे व्हिडिओ बघत होता.

व्हिडिओ संध्याकाळी अर्धा तास, मोबाइल रात्री आईकडे, रोज एक डाव, हे सगळं ठरवलं. त्याचा उपयोग झालाच. पण मला महत्त्वाची वाटते ती चौथी भेट. त्याला मी मनातले प्रश्न वहीत लिहायला सांगितले होते. यंत्रांबद्दलचे अकरा होते. बारावा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: 'बाबांचं काम गेलं तर आपलं काय?'

वडिलांना आत बोलावलं आणि तो प्रश्न मुलालाच वाचायला सांगितला.

वडील बराच वेळ गप्प होते. मग खिशातलं पेन काढून त्याच पानावर लिहू लागले. घराच्या हप्त्याची किती वर्षं राहिली, फीसाठी किती बाजूला ठेवलंय, कोणती दुकानं टिकून आहेत. "नोटीस आली की हेच दुकानदार मला बोलावतात," ते म्हणाले, "ॲपवाले समोर बसून समजावत नाहीत ना. पुढचं मला माहीत नाही रे. पण हे आहे, ते बघ."

मुलाने वही जवळ ओढली आणि एका बेरजेवर बोट ठेवलं. "बाबा, इथे हातचा राहिला."

दोघं पुन्हा बेरीज करत बसले. मी पुढच्या वेळेच्या बाईंना दहा मिनिटं थांबायला सांगितलं.