कर्ज राहू दे, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : वय ४६. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत २१ वर्षं सीएनसी मशीनवर आहे. ऑर्डरी आटल्यात, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) लागली आहे. १६ लाख मिळतील. घरकर्ज ९ लाख बाकी, हप्ता १४ हजार. फेडून टाकू का? (बँकेतल्या साहेबांनी पेन्शनची पॉलिसी दिली, बाँड म्हणजे पॉलिसीचा कागद ८ तारखेला आला. वर्षाला अडीच लाख भरायचे, १० वर्षं. बाराव्या वर्षानंतर २० वर्षं तेवढेच परत, म्हणजे दुप्पट.) मंदी सरली की सहा महिन्यांत परत बोलावू, असं एचआर म्हणतात.

उत्तर : तुमचा खरा प्रश्न कंसात आहे. पगार बंद होणाऱ्या माणसाच्या गळ्यात वर्षाला अडीच लाखांचा हप्ता बांधणाऱ्या साहेबांना काय म्हणावं! ते ‘दुप्पट’ व्हायला तीसहून जास्त वर्षं लागतात. व्याज पडतं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. साधं पीपीएफसुद्धा सातच्या वर देतं. आणि दुसरा हप्ता चुकला, तर पहिल्यातल्याही काही पैशांवर पाणी सोडावं लागेल.

बाँड हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कापून पैसे मिळतात. अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, पोच घ्या. साहेब ‘थोडं थांबा, दुसरा प्लॅन बघू’ म्हणतील. थांबू नका, ते ३० दिवसच मोजत असतात.

आता कर्ज. व्हीआरएसचे ५ लाखांपर्यंत करमुक्त, बाकीच्यावर लाखभर कर धरा. हाती १५ लाख. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ५० हजार धरले, तर वर्षाचे ६ लाख एफडीत बाजूला काढा. आज ९ लाख भरून टाकलेत, तर हप्ता सुटेल, पण अडल्यावर बँक ते परत देणार नाही. नवी नोकरी लागली की फेडा. ग्रॅच्युइटी वेगळी मिळते, ती १६ लाखांत धरली आहे का ते लेखी विचारा. पीएफला हात लावू नका.

मेडिक्लेमबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे तो कंपनीचाच असणार. तो नोकरीबरोबर जातो. रिलीव्हिंगच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज टाका.

आणि ते सहा महिने? २०१९ च्या मंदीत ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे काही दिवस कारखाने बंद ठेवले, तेव्हाही असंच बोललं जायचं. एचआरच्या तोंडी बोलण्यावर किराणा भरत नाही. भोसरीत, रांजणगावात आजपासूनच बायोडेटा टाका.