आजोबांची बंद पडलेली एमएम ५४० दीड लाखात पुन्हा रस्त्यावर येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची महिंद्रा एमएम ५४० जीप बरीच वर्षं गोठ्यामागे उभी आहे, ती फोर व्हील ड्राइव्हसकट चालू करायची आहे, हातात दीड लाख आहेत आणि गॅरेजवाला म्हणतोय की गाडी पूर्ण खोलूनच काम करावं लागेल.

गाडी चालू होईल. पण ती पूर्ण खोलू देऊ नका. आमच्या कोल्हापूर भागात अर्धवट राहिलेल्या किती जीपा मी पाहिल्या आहेत! बॉडी एकीकडे, चासी दुसरीकडे, नट-बोल्ट गोणीत, आणि रंगात निम्मे पैसे संपलेले. अशी गाडी शेवटी भंगाराच्या भावानेच जाते. कमी पैशात काम करायचं तर गाडी चाकांवरच राहू द्या आणि एका वेळी एकच काम हातात घ्या. ते पूर्ण झालं, गाडी हलवून पाहिली, की मगच पुढचं. मध्येच पैसे संपले तरी जीप जीपच राहते.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. आरसी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्याला फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या गाड्यांची ही फी २०२५ मध्ये बरीच वाढली आहे, शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा दंड आहेच. त्यामुळे हा आकडा आधी आरटीओतून काढा आणि दीड लाखातून वजा करा. चासी नंबर वायर ब्रशने हलक्या हाताने साफ करून वर कागद धरून पेन्सिल घासल्यावर त्याची प्रिंट नीट उमटते का पाहा. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे.

मग चासी. गाडीखाली आडवे व्हा आणि छोट्या हातोडीने चासी ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद आवाज देतो. कमानपाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबरचे सांधे आणि बॉडी बसते त्या जागा विशेष तपासा. गाडी कोकणात फिरलेली असेल तर दुप्पट लक्ष द्या. एखाद-दुसऱ्या ठिकाणी पट्टी वेल्ड करून भागतं. पण हँगरपाशी बोट आत जात असेल तर आधी तेच काम, बाकी सगळं नंतर.

तुमच्या गाडीत प्युजोच्या परवान्यावर बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असणार. ते दणकट आहे. बरीच वर्षं बंद आहे म्हणून लगेच बोअर-पिस्टनवर जाऊ नका, आणि थेट सेल्फही मारू नका. हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. सहज फिरलं की निम्मी काळजी मिटली. डिझेल टाकीत तळाशी गंज आणि चिखल साचलेला असतो, म्हणून पहिल्यांदा टाकी बाजूला ठेवून कॅनमधून डिझेल द्या. ऑइल आणि फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा, रेडिएटर साफ करून पाणी भरा आणि मगच स्टार्टर. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं टोपण उघडा. किंचित वाफ येणारच. भक्‌भक् धूर बाहेर फेकला जात असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचं काम. नुसता काळा धूर असेल तर आधी नोझल तपासून घ्या, ते काम इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

ब्रेक आणि स्टेअरिंग यांत मात्र एक रुपयाही वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर जाम झालेलेच असतात. सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. खड्डे लागले तर रबर किट टाकून उपयोग नाही, नवीन सिलिंडरच घ्या. सगळे होज पाइप न बघता बदला. पुढच्या चाकांमागच्या गोल हाउसिंगचे सील गळत असतील तर ते ऑइल ड्रममध्ये उतरू शकतं, म्हणून आधी गळती थांबवा आणि मग नवीन ब्रेक लायनर. स्टेअरिंग थरथरत असेल तर टाय रॉड एंड आणि किंगपिनचे बेअरिंग तपासा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जुन्या बनावटीच्या जीपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागच्या तोंडाशी प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर, एक छोटा ड्रम असतो, त्यावर तो लागतो. तिथलं सील गळलं की हँडब्रेक निसरडा होतो, त्याला कितीही ओढा. आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं की हा हँडब्रेक असून नसल्यासारखा, कारण डिफ्रन्सलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) शाफ्ट अडलेला असूनही जमिनीवरचं चाक फिरू शकतं. जॅक लावण्याआधी चाकांच्या पुढे-मागे दगड लावाच.

आता फोर व्हील ड्राइव्ह, ज्यासाठी तुम्ही हा सगळा खटाटोप करताय. आधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का बघा. आपल्याकडे वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) लागलेल्या कितीतरी जीपांचा हा शाफ्ट काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. तुमच्या घरीही माळ्यावर शोधा. दुसरी तपासणी बिनपैशाची आहे आणि ती फार थोडे लोक करतात: पुढचा आणि मागचा क्राऊन-पिनियन (डिफ्रन्सलमधली गिअरांची जोडी) एकाच रेशोचा आहे का, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट दोन्हीकडे तेवढेच फेरे फिरतो का? मागचं हाउसिंग कधीतरी फुटलं आणि मिळेल ते दुसऱ्या गाडीचं बसवलं, असं सर्रास घडलेलं असतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, दगड लावलेले. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर. टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तो आकडा म्हणजे तुमचा रेशो. ट्रान्सफर केसचा दांडा टू व्हीलमध्ये ठेवून पुढेही तसंच करा, पुढच्या चाकांच्या हबवर लॉक (चाक शाफ्टला जोडणारे खटके) असतील तर ते लावून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस आणि शाफ्टचे क्रॉस मार खातील. म्हणून ते जुळेपर्यंत दांड्याला हात लावू नका.

आकडे जुळले तर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफ्रन्सलचं ऑइल बदला, सगळ्या निपलना ग्रीस भरा आणि ओल्या शेतात नेऊन फोर व्हील टाका. लो (ट्रान्सफर केसचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) टाकताना गाडी उभी हवी. पुढची चाकंही चिखल उडवायला लागली की समजा काम झालं. डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील टाकून फिरू नका. या जीपेत मधलं डिफ्रन्सल नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरांवर येतो. त्याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. जुन्या जीपेचं माप ६.००-१६. याच मापात ट्रॅक्टरचे पुढचे टायर मिळतात, ते रस्त्यावरच्या वेगासाठी नसतात. घेऊ नका.

सुट्या भागांचं सांगायचं तर बेअरिंग आणि ऑइल सील 'जीपचे' म्हणून मागू नका. जुनं बेअरिंग डिझेलने धुऊन कडेवरचा नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात तोच नंबर मागा. कंपनीचा माल मिळतो, तोही बहुतेक वेळा कमी भावात. बुश, पिना, ड्रमला कट मारणं ही कामं लेथवर होतात. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगर आहे, तुमच्या जवळच्या एमआयडीसीतही असा लेथवाला सापडेल. गिअर मात्र जुन्या बाजारातून घेताना दात उन्हात धरून बघा आणि मगच पैसे द्या.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोड देत बसू नका, फ्यूज बॉक्ससह नवीनच ओढा.

पैशांची वाटणी मी अशी करेन: कागद वजा केल्यावर उरलेल्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा, कारण काहीतरी अनपेक्षित निघणारच. उरलेल्यातून आधी ब्रेक, स्टेअरिंग, टायर. मग इंजिनाचं किरकोळ काम आणि फोर व्हील. रिंगांचं काम निघालं तर ते पुढच्या वर्षीवर टाका, धूर पीयूसीत बसतोय तोवर गाडी वापरता येते. पत्राकाम आणि रंग सगळ्यात शेवटी. तोवर गंज खरवडून रेड ऑक्साइड मारून ठेवा, तेवढ्याने पत्रा टिकतो. रंग काढताना घरचे कदाचित मिलिटरी हिरव्याचा आग्रह धरतील. पण ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ आहे. आजोबांच्या वेळचा जो रंग आरसीवर लिहिला असेल तोच द्या, म्हणजे रंगबदलाची नोंदही करावी लागणार नाही.