होम थिएटर: सेंटर स्पीकर, भिंतीतला पाइप आणि खालच्या मजल्यावरचे काका

दिवाळीत ५.१ सेट (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) घेतला. गाणी, मारामारी एकदम दणदणीत, पण डायलॉगच कळत नाहीत. आई आधी आवाज वाढव म्हणते, मग लगेच कमी कर म्हणते. सेटच खराब आहे का? (सांगली)

सेट बरा असणार. सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध ठेवायचा तो, कुठे ठेवलाय ते बघा आधी, माझी पैज आहे की टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला असेल. ५.१ मध्ये जवळजवळ सगळं बोलणं त्या एकट्यातून येतं, आणि आपल्याकडे शोसाठी दोन उभे टॉवर पुढे आणि हा बिचारा अडगळीत. त्याला कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा, खाली असेल तर पुढून रबराचा तुकडा लावून तोंड आईच्या कानाकडे वळवा, मग सेटिंगमध्ये सेंटरची लेव्हल २-३ डीबी वाढवा. रात्री नाइट मोड लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, म्हणजे हे वाढव-कमी कर बंद होईल. अजून एक, टीव्हीच्या ऑडिओ आउटपुट सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल तर बरेच टीव्ही दोनच चॅनल (फक्त डावा-उजवा आवाज) पुढे पाठवतात, तिथे बिटस्ट्रीम किंवा ऑटो करा. एवढं झाल्याशिवाय नवीन काही घेऊ नका प्लीज.

नवीन फ्लॅटचं काम चालू आहे, फॉल्स सीलिंग व्हायचंय. इलेक्ट्रिशियन म्हणतो भिंतीत एक एचडीएमआय टाकून देतो, बास. चालेल का? (पुणे)

नाही चालणार. वायर पुरू नका, पाइप पुरा. एचडीएमआयची स्टँडर्ड बदलत राहतात, उद्या केबल बदलायची वेळ आली की भिंत फोडणार का? केबलचं टोकच जवळपास दोन सेंटिमीटर रुंद असतं, नेहमीच्या २० एमएमच्या पाइपातून ते जातच नाही, म्हणून निदान ३२, जमलं तर ४० एमएम घ्या, काटकोनातला एल्बो अजिबात नको, लांब बेंड वापरायला सांगा आणि आत केबल ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवा. 'होऊन जाईल साहेब' म्हणाला तर समोर उभं राहून केबल ओढायला लावा, तेव्हाच पैसे द्या.

मागच्या दोन सराउंड स्पीकरसाठी १६ गेजची तांब्याची वायर आत्ताच टाका. पॉइंट सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, बसल्यावर कानाच्या एक-दोन फूट वर. लाइटच्या वायरी त्याच पाइपात घालू देऊ नका. प्रोजेक्टरचा विचार असेल आणि केबल पाच मीटरपेक्षा लांब लागणार असेल तर फायबरवाली एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी ओवली की चित्रच येत नाही आणि मग प्रोजेक्टरला शिव्या बसतात.

फोर-के टीव्ही घेतला, पण रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) २००८ चा आहे. दुकानदार म्हणतो आता हा भंगारात द्या. (नागपूर)

दुकानदार दुसरं काय म्हणणार! स्टिक, बॉक्स सगळं थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल केबल रिसीव्हरला द्या. डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून मस्त येतं. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) मात्र ऑप्टिकलमधून येत नाही, त्यासाठी एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरला परत पाठवायची सोय) लागतं, आणि एआरसी आलंच २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ बरोबर, म्हणजे तुमच्याकडे नसणारच. छतात स्पीकर लावायचे नसतील तर सोडून द्या तो नाद. फक्त जुन्या स्पीकरच्या जाळ्या काढून आतल्या हलणाऱ्या गोल पडद्याची (कोनची) कड बघा, फोमची असेल तर दाबल्यावर भुगा होतो, रबराची असेल तर अजून बरीच वर्षं बघायला नको.

सबवूफर लावला की खालचे काका वर येतात. (ठाणे)

येणारच, बेस स्लॅबमधून खाली उतरतो. सबखाली जाड फोमचा पॅड टाका, थोडा फरक पडेल, पण कोपऱ्यातून बाहेर काढलात तर जास्त, कारण कोपऱ्यात बेस फुगतो. जागा शोधायला सब सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा (घरचे हसतील, हसू देत), जिथे ढम्म न होता स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. आणि दहानंतर बंदच ठेवा हो, काकांचंही बरोबर आहे.

सोफा टीव्हीपासून ८ फुटांवर आहे, ५५ इंच घेऊ की ६५? (नाशिक)

६५. टीव्हीच्या इंचांना १.२ आणि १.६ ने गुणा, तेवढ्या इंचांच्या मधलं अंतर चांगलं, म्हणजे ६५ ला साडेसहा ते साधारण पावणेनऊ फूट. इंटिरिअरवाला फोटोत छान दिसतं म्हणून टीव्ही जमिनीपासून पाच फूट उंचीवर टांगायला सांगेल, ऐकू नका, सोफ्यावर बसल्यावर डोळे साडेतीन फुटांच्या आसपास असतात, स्क्रीनचा मध्य तिथेच येऊ दे.