‘वाटेत काही झालं तर?’ : उतारवयातल्या कॅरॅव्हॅन सहलींबद्दल

निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन फिरायचं स्वप्न पाहणारी, किंवा आयुष्यभर फिरून आता अचानक थबकलेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. प्रत्येकाची वाक्यं वेगळी असतात, पण काळजी एकच असते. ‘या वयात झेपेल का?’ ‘मुलं नको म्हणतात.’ आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘वाटेत काही झालं तर?’ हा शेवटचा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला, की एका जोडप्याबरोबर केलेलं काम इथे मांडावंसं वाटलं. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्या संवादांत आवळल्या आहेत.

काकांनी पासष्टी ओलांडलेली, काकू तीनेक वर्षांनी लहान. गाडीमागे जोडून न्यायची त्यांची कॅरॅव्हॅन जुनी, पण नीट राखलेली. मुलांची बालपणं तिच्यातच गेली. काकांच्या हृदयात स्टेंट बसला आणि त्यानंतर ती जागची हलली नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला केव्हाच परवानगी दिली होती. तरी काकूंचा एकच धोशा होता, “आता पुरे झालं.”

“ही घाबरट झालीय,” काका म्हणाले. काकू गप्प. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

अशा वेळी धीर देण्याचा मोह होतो. ‘काही होणार नाही, काळजी करू नका,’ असं घरचे सगळे म्हणतच असतात आणि त्याने भीती तसूभरही हलत नाही, कारण काहीही होऊ शकतं हे त्या माणसाला ठाऊक असतं. मी उलट वाटेने जाते. घाबरलेल्या माणसाने अर्धं सोडलेलं वाक्य त्याच्याचकडून पुरं करून घेते.

“काकू, काही झालं तर म्हणजे नेमकं काय?”

“यांना परत त्रास झाला तर.”

“समजा झाला. मग?”

“मग ॲम्ब्युलन्स बोलावीन.”

“ती आली. मग?”

त्या बराच वेळ थांबल्या. मग एका दमात म्हणाल्या, “मग ते यांना घेऊन जातील आणि मी तिथेच उभी राहीन. मागे कॅरॅव्हॅन जोडलेली असली की मला गाडी हलवता येत नाही. ती सोडवायची कशी, ते माहीत नाही. गॅस कुठून बंद करायचा, तेही माहीत नाही. यांच्या मागे मी जाणार कशी?”

काका त्यांच्याकडे वळले. “अगं, हे तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी हात लावू दिलात?”

त्या दिवशीचं खरं काम या दोन वाक्यांत झालं. नवऱ्याचं आजारपण काकूंनी मनातल्या मनात स्वीकारलं होतं. त्या वयात कोण स्वीकारत नाही? आपण कामाला येणार नाही, ही त्यांची खरी भीती होती. तोपर्यंत दोघांनाही वाटत होतं की वाद प्रवास करायचा की नाही, याचा आहे. प्रत्यक्षात सगळं कौशल्य एकाच माणसाच्या हातात साठून राहिलं होतं आणि दुसरं माणूस वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखं बसलेलं होतं. तरुणपणी ही वाटणी सोयीची असते. वय वाढलं की तीच वाटणी दोघांच्या जिवाला घोर लावते.

रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवर माझा फार विश्वास आहे. संकट आपल्याला किती मोठं वाटतं, हे संकटावर जितकं ठरतं, तितकंच ‘मी त्याबद्दल काय करू शकतो’ या हिशेबावरही ठरतं. काकूंच्या हिशेबात दुसरी बाजू कोरी होती. ती भरायला माझं बोलणं पुरणार नव्हतं, हातांना काम द्यायला हवं होतं. म्हणून मी दोघांना घरचा अभ्यास दिला. कॅरॅव्हॅन सपाट जागेवर न्यायची. जोडायची आणि सोडवायची, सगळं काकूंनी करायचं. काकांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पुढच्या भेटीत काकूंनी मला सगळा क्रम म्हणून दाखवला. आधी कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढायचा, चाकांना अडणी लावायची. मग पुढचं छोटं चाक खाली सोडून घट्ट आवळायचं. दिव्यांच्या वायरचा प्लग काढायचा, आणीबाणीच्या ब्रेकची तार सोडवायची. कॅरॅव्हॅन गाडीला जोडणाऱ्या कडीचा दांडा उचलून धरायचा आणि छोट्या चाकाची मूठ फिरवत राहायचं. कॅरॅव्हॅनचं तोंड हळूहळू वर येतं आणि गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावरून अलगद सुटतं. “जोर लागतच नाही हो,” त्या म्हणाल्या, “मूठ फिरवायला काय जोर लागणार? मला इतकी वर्षं वाटायचं, हे पुरुषांचं ताकदीचं काम आहे.” हे सांगताना त्यांचा हात हवेत ती मूठ फिरवत होता. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

पण गंमत अशी की काकू मोकळ्या झाल्या आणि काका गप्प झाले. सहलीचा आग्रह धरणारे तेच, आणि आता तारीख ठरवायची म्हटलं की टाळाटाळ. कधी टायर जुने आहेत, कधी रस्त्यांना गर्दी आहे. टायरचं त्यांचं म्हणणं खरंही होतं. उभ्या राहिलेल्या कॅरॅव्हॅनच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून कडक होतं. म्हणून झीज दिसो वा न दिसो, पाच ते सात वर्षांत ते बदलावेत, असं जाणकार सांगतात. टायर बदलले, तरी तारीख ठरेना.

मी विचारलं, “काका, सगळ्या प्रवासात तुम्हाला सर्वांत नकोसा क्षण कोणता?”

उत्तर यायला वेळ लागला. “मुक्कामाला पोचल्यावर. रिव्हर्स घेताना. मान पूर्वीसारखी वळत नाही. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बघत बसलेले असतात. मागच्या वेळी चार वेळा पुढे-मागे केलं. हिला वाटलं, जागा अरुंद आहे.”

“मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या, “बोलले नाही, एवढंच.”

उतारवयातली किती जोडपी एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपवत असतात, हे मी रोज पाहते. काकूंनी आपली असहायता लपवली, काकांनी आपली मान. दोघांनी लपवलेल्या या दोन गोष्टींमधे ती कॅरॅव्हॅन अडकून पडली होती.

कॅरॅव्हॅनच्या चाकाला लावायची एक छोटी मोटर मिळते. गाडी सोडवून बाजूला उभी करायची आणि हातातल्या रिमोटने कॅरॅव्हॅन इंच इंच करत जागेवर नेऊन लावायची. वजनाला थोडी भर पडते, तेवढी हिशेबात धरावी लागते. काकांना ती माहीत होती, पण “ती म्हाताऱ्यांची सोय” म्हणून त्यांनी ती कायम नाकारली होती. मी त्यांना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईनची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या घरात इतकं उत्तम कसं वाजवता, असं विचारल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कमी रचना निवडतो, त्यांचा सराव जास्त करतो आणि जलद भागाच्या आधी लय मुद्दाम थोडी संथ ठेवतो, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला अधिक वाटतो. 1976 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी त्यांनी शेवटची मैफल केली. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने चांगल्या वार्धक्याबद्दल जी मांडणी केली, तिच्यात हे उदाहरण चपखल बसतं. थोडकं निवडावं, निवडलेलं जोपासावं आणि जे कमी झालं त्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने करावी. माझ्या पिढीतल्या समुपदेशकांना इतर सिद्धांत जास्त झगमगीत वाटतात. मला मात्र साठीपुढच्या माणसांसाठी याहून कामाचं काही सापडलेलं नाही.

“म्हणजे तो लबाडी करायचा,” काका म्हणाले.

“लबाडी कसली? ऐकणाऱ्यांना संगीत मिळत होतं ना?”

ते हसले आणि मला तेवढं पुरेसं होतं. मोटर बसली. तरीही मी त्यांना मोकळ्या मैदानात रिव्हर्सचा सराव करायला सांगितलंच, कारण यंत्र कधी बंद पडेल सांगता येत नाही. कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी मागे घेताना एक युक्ती फार उपयोगी पडते. स्टिअरिंग अगदी खालच्या बाजूने धरायचं आणि कॅरॅव्हॅनचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात सरकवायचा. डोक्यातला उलट-सुलट गोंधळ निम्मा होतो. दुसऱ्याने मागे, पण आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. वाद मग नंतर घालावा.

निवडणं, जोपासणं आणि भरपाई करणं, हाच विचार बाकीच्या प्रवासालाही लागू करा. निवडायचं म्हणजे रोज नवं गाव गाठायचा हट्ट सोडायचा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप हलकी लागते. मेंदूचा एक भाग पहारा दिल्यासारखा जास्त सावध राहतो, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. एका जागी निदान तीन-चार रात्री राहिलात, तर ती पहिली रात्र सहलीत थोड्याच वेळा येते. अंथरूण-उशी आपलीच असते, हा कॅरॅव्हॅनचा मोठा फायदा. हॉटेलात तो मिळत नाही.

अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. ही सूचना दिल्याशिवाय मी कुणालाही सोडत नाही. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि समोरच्या दिव्याने दिपलेली नजर सावरायला जास्त वेळ लागतो. दिवसा उत्तम चालवणारा माणूस रात्री चाचपडतो, यात त्याचा दोष नाही. दर दोन तासांनी थांबा आणि खाली उतरून पाय मोकळे करा. लघवीला जास्त होणारी गोळी केव्हा घ्यायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहतील, याचीही सोय आधीच करा. आजार, औषधं, मात्रा आणि ॲलर्जी लिहिलेला एक कागद गाडीत आणि एक कॅरॅव्हॅनमध्ये असू द्या. आपण कुठे मुक्कामाला आहोत, ते त्या त्या संध्याकाळी मुलांना कळवा. बहुतेक मुलांचा विरोध तेवढ्यानेच मावळतो. त्यांनाही ‘काही झालं तर’ हेच छळत असतं.

सामान भरताना दोघांनी मिळून भरा. जड वस्तू खाली, चाकांच्या धुरेजवळ ठेवा. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार पुढच्या कडीवर यावा, मात्र गाडीसाठी आणि कडीसाठी ठरवून दिलेली मर्यादा ओलांडू नये. मागचं टोक जड झालं की कॅरॅव्हॅन रस्त्यावर डावी-उजवी झुलायला लागते. तसं झालं, तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा. जोरात ब्रेक दाबायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही. शेजारी बसणाऱ्यालाही हे माहीत हवं, कारण घाबरून “ब्रेक मारा!” असं ओरडणारं तेच माणूस असतं.

आणखी एक गोष्ट जीव तोडून सांगते. थंडी वाजते म्हणून हवेचे झरोके बुजवू नका आणि कोळशाची शेगडी, विझत आलेली असली तरी, आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याने डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि या वयात माणूस ते सगळं प्रवासाच्या शिणावर ढकलून झोपून जातो. त्याचा इशारा देणारं यंत्र बसवा आणि त्याचा आवाज कसा असतो, ते दोघांनीही एकदा ऐकून ठेवा.

राहता राहिला चोवीस तास एका खोलीत राहण्याचा प्रश्न. मोठ्या घरात जी कुरबुर पसरून जाते, ती इथे कोपऱ्याकोपऱ्यात साचते. दिवसातला एक तास ज्याचा त्याचा ठेवावा, एकाने आत, दुसऱ्याने बाहेर. त्यात रुसण्यासारखं काही नसतं.

काका-काकू जाऊन आले. पहिल्याच सहलीत एका मुक्कामी पावसाने गाठलं आणि ते ठरवल्यापेक्षा आधी परतले. काकूंनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. कॅरॅव्हॅन त्यांनी एकटीने, भर पावसात जोडली होती, आणि त्यांना सांगायचं होतं ते एवढंच.

आमच्या शेवटच्या भेटींत आम्ही थांबण्याबद्दलही बोललो. हा विषय काकांनीच काढला. ओढून नेणं कधी बंद करायचं, हे आत्ताच, सगळं ठीक असताना ठरवावं, असं माझं मत आहे. नंतर तो निर्णय भांडणातून किंवा अपघातातून होतो. त्या दोघांनी लिहून काढलं. दरवर्षी निघण्यापूर्वी डोळे आणि हृदय तपासायचं. चालवणाऱ्याला चक्कर आली, लेन चुकू लागली किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ उडाला, की शेजारच्याने सांगायचं आणि त्या दिवशी तरी वाद न घालता गाडी बाजूला घ्यायची. पुढे कधी ओढणं झेपेनासं झालं, तर आवडत्या ठिकाणी कॅरॅव्हॅन हंगामभर एकाच जागी ठेवून तिथे नुसतं जाऊन राहायचं. बऱ्याच कॅरॅव्हॅन पार्कांत तशी सोय असते.

काकू आता कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी चालवायला शिकणार आहेत. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असल्याने त्यांनी ते आधी तपासून घेतले. काका त्याच वर्गात त्यांच्या शेजारी बसणार आहेत. जुन्या सवयी तिथे दुरुस्त होतील, असं ते स्वतःच म्हणाले.