ब्रिटनची करसवलत तुम्हाला नाही, पैसे घालणाऱ्याला

पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी चालू ठेवून तिची एक शाखा-कंपनी लंडनला काढायची, तिथल्या करमाफीवर सुरुवातीची वर्षं निभवायची आणि नाशिकचे मामा पैसे घालताहेत तर त्यांनाही सूट मिळवून द्यायची, असा तुमचा बेत दिसतो. मी बरीच वर्षं रेडिंगला आहे, इथेच कंपनी काढून पैसे उभे केलेत. स्पष्ट सांगतो, हा बेत असाच्या असा जमणार नाही.

ब्रिटन नव्या कंपनीचा कर माफ करत नाही. नफा ५०,००० पौंडांपर्यंत असेल तर १९ टक्के, अडीच लाखांच्या वर गेला की २५ टक्के. सूट आहे ती शेअर घेणाऱ्याला. २०१२ पासूनची एसईआयएस योजना घ्या, अगदी नव्या छोट्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांसाठीची. कुणी तुमच्या कंपनीत १०,००० पौंड घातले की त्याच्या आयकरातून ५,००० कमी होतात. शेअर तीन वर्षं ठेवून नफ्यात विकले तर त्या नफ्यावर कर नाही. कंपनी बुडालीच, तर उरलेल्या ५,००० चा तोटा उत्पन्नातून वजा करता येतो. ४५ टक्के कर भरणाऱ्याच्या खिशातून शेवटी २,७५० च जातात. म्हणून तर इथले एंजल, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणारे, डेमो बघायच्या आधी विचारतात, "ॲडव्हान्स अश्युरन्स आलंय का?" म्हणजे कंपनी योजनेत बसेल असं दिसतं, असं एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या करखात्याचं, आगाऊ पत्र. ते मागतानाही संभाव्य गुंतवणूकदारांची नावं द्यावी लागतात.

मामांचं म्हणाल, तर सूट ब्रिटनच्या आयकरातून मिळते. मामा तो कर भरतच नाहीत, मग कमी कशातून करणार?

खरी मेख पुढे आहे. लंडनची कंपनी पुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेडची उपकंपनी केलीत, तर एसईआयएस हातची गेली. दुसऱ्या कंपनीच्या ताब्यातली कंपनी या योजनेत चालत नाही. ताबा राहील इतके शेअर थेट माणसांच्या नावावर हवेत. भारतात राहत असताना ते घेणार असाल तर आधी फेमा, म्हणजे भारताचा परकीय चलन कायदा, कोळून प्यायलेला सीए गाठा, इथल्या अकाउंटंटला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय धंदा तीन वर्षांच्या आतला हवा, आणि तो आधी दुसऱ्या कुणी चालवला असेल तर तेही मोजतात. पुण्यात, समजा, चार वर्षं चाललेलं काम उचलून इकडे आणलंत, तर ते नवं ठरत नाही. या योजनेत कंपनीला एकूण अडीच लाख पौंडच उभे करता येतात. आणि तिची थोरली बहीण ईआयएस, म्हणजे जरा मोठ्या कंपन्यांसाठीची तशीच योजना, तिचे पैसे आधी घेतलेत की एसईआयएसचं दार बंद!

व्हिसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. इथे येऊन धंदा काढणाऱ्यांसाठीच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाला एप्रिल २०२३ पासून ५०,००० पौंड दाखवायची अट राहिली नाही, पण मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र लागतं, त्याची फी १,००० पौंड. ते मिळालं म्हणून एचएमआरसी हो म्हणेल असं नाही.

कंपनीच्याच नफ्यावर करमाफी हवी असेल तर ती भारतात आहे. आयकरातल्या स्टार्टअप-सवलतीखाली (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०-आयएसी) पात्र स्टार्टअपला पहिल्या दहांपैकी सलग तीन वर्षं पूर्ण सूट मिळते. वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकून उभ्या केलेल्या पैशांवरचा एंजल टॅक्सही २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. मामांचे पैसे पुण्यातच घालणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

पुण्याची कंपनी नेमकी कधी सुरू झाली आणि तिच्यात शेअर कुणाकुणाचे आहेत, ते कळवा. त्यावरून एसईआयएसचा नाद सोडायचा की नाही ते ठरवता येईल.