गाणी ऐकून पोरं नशेला लागतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की अकरावीतला तुमचा भाऊ दिवसभर हेडफोन लावून गांजाची, सिरपची (म्हणजे नशेसाठी प्यायच्या खोकल्याच्या औषधाची) रॅप गाणी ऐकतो आणि खोलीत चिलमीचं पोस्टर लावून बसलाय. बाबा म्हणतात फोन काढून घ्या, आई म्हणते नुसत्या गाण्यानं काय होतंय. यात खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. नागपुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात दर आठवड्याला गाणं-बजावणं घ्यायला जातो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात.

आमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. ‘दम मारो दम’ १९७१ सालचं. इथलं देशपांडे सभागृह असो की सायंटिफिक सभागृह, ही फर्माईश आजही येते आणि गिटारचा तो तुकडा सुरू झाला की मागच्या रांगेतले लोकसुद्धा उठून उभे राहतात. ते ज्या सिनेमातलं, तो ‘हरे रामा हरे कृष्णा’ देव आनंदनं नशेच्या विरोधात काढला होता. भाऊ हरवलेल्या बहिणीला शोधत काठमांडूला जातो, ती हिप्पींच्या टोळक्यात सापडते आणि शेवटी जीव देते. हा शेवट कोणाला आठवतो? राहुलदेव बर्मनची चाल आणि आशाबाईंचा आवाज इतका जबरदस्त होता की गाणं सिनेमातून सुटून स्वतंत्र जगायला लागलं आणि त्या पोरीचं मरण सिनेमातच राहिलं. गाण्याची अडचण मला इथं दिसते. साडेतीन-चार मिनिटांत नशेची सुरुवात मावते. पुढची दहा वर्षं, म्हणजे विकलेली गाडी, आईच्या बांगड्या, रात्री तीनला घरच्यांनी शोधत फिरणं, हे काही त्यात मावत नाही.

अमेरिकेत काही संशोधकांनी २००५ मधल्या सर्वांत लोकप्रिय २७९ गाण्यांचे शब्द तपासले होते. ९३ गाण्यांत दारू, तंबाखू किंवा इतर नशेचा उघड उल्लेख होता. रॅपमध्ये हे प्रमाण ७७ टक्के, पॉपमध्ये ९. नशा नको असं स्पष्ट सांगणारी गाणी मोजून चार निघाली. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांमधल्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी सिनेमात तंबाखूची दृश्यं सर्वांत जास्त पाहिली होती त्यांच्यात तंबाखू चाखून पाहिल्याची शक्यता अशी दृश्यं सर्वांत कमी पाहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळली. बाबांना हे वाचून बरं वाटेल. पण अशा आकड्यांवरून सिनेमामुळे तंबाखू आली की आधीच तिकडे ओढ असलेली मुलं तसे सिनेमे जास्त बघतात, हे ठामपणे वेगळं काढता येत नाही.

आणि आता आपल्या गल्लीत या. नागपुरातल्या पोट्ट्यांची पहिली नशा कोणती? गांजा नाही, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा घोटण्याचा आवाज कुठल्या चौकात येत नाही ते सांगा. तिशीच्या आतले लोक मी केंद्रात पाहतो, खर्र्यानं ज्यांचं तोंड इतकं आखडलंय की त्यात दोन बोटंसुद्धा जात नाहीत, भाकरीचा घास घेताना डोळ्यांत पाणी येतं. त्यांना खर्रा कोणत्या हिरोनं शिकवला? एकानंही गाण्याचं किंवा सिनेमाचं नाव घेतलेलं नाही. मोठ्या भावानं, कंपनीतल्या जोडीदारानं, क्रिकेट खेळताना मित्रानं, हीच उत्तरं येतात. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीच्या २०१९ च्या अहवालातही असंच एक टोचणारं चित्र आहे. हुंगायची नशा, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन वगैरे, हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. सोल्युशनचं गाणं गाऊन कोणी स्टार झालेला नाही. ते स्वस्त आहे, दुकानात मिळतं आणि स्टेशनवरच्या एकट्या पोराला ते देणारा दुसरा पोरगा शेजारीच असतो.

म्हणजे आईचं खरं? तेही पूर्ण नाही. गाण्यात ताकदच नसते असं विदर्भातल्या माणसानं म्हणू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथल्या गावागावांत खंजिरी वाजवून भजनं म्हटली आणि त्या भजनांनी किती घरांतली दारू सुटली हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. माझ्या आजोळी अजून सामुदायिक प्रार्थना होते. पण एक लक्षात घ्या, महाराज गाऊन निघून जात नव्हते. मागे सेवा मंडळ उभं राहायचं, संध्याकाळी प्रार्थनेला बसणारी माणसं असायची, आणि दारू सोडलेल्याला दुसऱ्या दिवशी बसायला एक जागा असायची. १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याचीही आहे. पुढे भीमगीतांनी तो विचार वस्त्यावस्त्यांत पोचवला, आणि तिथेही गाण्याच्या मागे अख्खा समाज उभा होता. माझा अनुभव असा की गाणं जे काही करतं ते सोबतच्या माणसांच्या हातून करतं. चांगलंही तसंच आणि वाईटही तसंच.

तुमच्या भावाच्या बाबतीत मला काळजी वाटते ती त्या हेडफोनची. भजन ऐकायला दहा जण लागत. हा एकटा ऐकतो, त्यामुळे गायकच त्याची सोबत होऊन बसतो. अमेरिकेतला रॅपर फ्यूचर हा कोडीन सिरपच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध. त्यानं २०१९ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की ज्यूस वर्ल्ड नावाच्या तरुण रॅपरनं त्याला भेटून सांगितलं, मी सहावीत असताना तुझी गाणी ऐकून सिरप प्यायला लागलो. हे ऐकून फ्यूचर हादरला होता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ज्यूस वर्ल्ड गेला, वय २१. शरीरात ऑक्सिकोडोन आणि कोडीन ही अफूसारखी नशा देणारी औषधं सापडली. आणि याच फ्यूचरनं त्याच वर्षी हेही कबूल केलं की सिरप त्यानं आधीच सोडलं होतं, पण संगीत बदललं असं चाहते म्हणतील या भीतीनं तो सांगत नव्हता. पोरं ज्याच्यासारखं व्हायला बघत होती तो माणूस तसा उरलाच नव्हता.

तुमच्या भावाला तत्त्वज्ञान सांगू नका, ही हकीगत सांगा. त्याला ती कदाचित तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर त्याच्याकडूनच ऐका. त्याच्या शेजारी बसून एक गाणं पूर्ण ऐका, शब्द विचारा, बीट आवडली तर मोकळेपणानं आवडली म्हणा. हे संगीत खरोखर चांगलं असू शकतं आणि ते नाकारलं की पोरगा तुमचं बाकीचंही ऐकणार नाही. फोन काढून घेतला तर गाणी मित्राच्या फोनवर वाजतील आणि तुम्हाला जे दिसतंय तेही दिसायचं बंद होईल.

गाण्यापेक्षा त्याच्या मित्रांकडे बघा. फुटाळा तलावावर कोणासोबत जातो, पैसे अचानक कमी पडतात का, घरातल्या वस्तू गायब होतात का, झोपेची वेळ उलटी झालीय का, जुने दोस्त सुटून सगळे नवेच दिसतात का, क्लासला न जाता वेळ कुठे जातो. यातलं काही नसेल तर सोळा-सतराव्या वर्षी चिलमीचं पोस्टर लावणारे आणि पुढे काहीच न करणारे मी भरपूर पाहिलेत. आमचा ड्रमरसुद्धा त्यातलाच, तो चहासुद्धा पीत नाही.

आणि समजा त्यानं आधीच चाखलं असेल, तर गाण्याचा हिशोब बदलतो. केंद्रात नवीन आलेले लोक काही गाणी आम्हाला वाजवू देत नाहीत. त्यांच्या अड्ड्यावर जी लागायची ती कानावर पडली की तलब उसळते, घाम येतो. एकानं तर किशोरकुमारचं अगदी साधं प्रेमगीत बंद करायला लावलं, कारण त्याच्या गाडीत पिताना तेच चालायचं. त्या गाण्यात नशेचा एक शब्द नाही. तेव्हा अशा वेळी प्लेलिस्ट बदलणं उपचाराचा भाग असतो, पण तो त्याच्या संमतीनं, त्यानंच निवडून.

पोलिसांच्या भीतीनं बरीच घरं गप्प राहतात म्हणून हेही सांगतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, अर्थात उपचार पूर्ण करावे लागतात. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभागाची ओपीडी असते. भाऊ यायला तयार नसेल तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. घरच्यांनी काय बोलायचं आणि काय टाळायचं, हे तिथे विचारता येतं.