‘पॉझिटिव्ह राहा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: मावशींवर परळला कर्करोगाचे उपचार चालू आहेत, भेटायला येणारा जो तो ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगतो. ‘सकारात्मक राहा’ हे बरोबर मराठी आहे, की याहून चांगला शब्द आहे?

‘सकारात्मक’ आता रुळला आहे, तो चूक ठरवण्यात अर्थ नाही. मराठीत नकाराची जोडी खरे तर होकाराशी. ‘सकार’ म्हणजे संस्कृतात ‘स’ हे अक्षर. ‘नकारात्मक’ला जोड म्हणून तो उभा राहिलेला दिसतो. शाळेच्या व्याकरणात ‘होकारार्थी वाक्य’ आहे, गणितात आणि विजेत ‘धन’, कामाविषयी बोलताना ‘विधायक’. तपासणीच्या अहवालात मात्र आपण ‘पॉझिटिव्ह’च म्हणतो, आणि २०२० मध्ये अख्ख्या मुंबईने तो शब्द धास्तीने ऐकला आहे.

आजाऱ्याच्या उशाशी मला हा शब्द खटकतो तो त्यातल्या गृहीतामुळे. मन प्रसन्न ठेवले तर आजार हटेल, असे त्यात सुचवलेले असते. जेम्स कोयन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, मनःस्थिती चांगली असणे आणि जास्त जगणे यांचा संबंध आढळत नाही. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग याच गटातला. परळला रोज किती माणसे तो घेऊन येतात, हे तुम्ही पाहत असाल. अशा माणसाला एखाद्या रात्री रडू आले, तर आपण आपलाच आजार वाढवला की काय ही टोचणी त्याला कशाला लावायची? गाठ उशिरा सापडली, औषध लागू पडले नाही, यात त्याच्या मनाचा काय दोष?

आपल्याकडे या जागी ‘धीर’ आहे. त्याची क्रियापदे पाहा: धीर देतात, धरतात, तो सुटतो, खचतो. देणारा आणि घेणारा असे दोघे त्यात आहेत. ‘मावशींना धीर दे’ म्हटले की काम भेटायला आलेल्याकडे येते. शिवाय भीती आहे म्हणून तर धीर लागतो. ‘धीर धरा’ म्हणताना घाबरू नये, रडू नये अशी अट नसते. ‘सकारात्मक राहा’मध्ये ती असते.

यावर कोणी म्हणेल, ‘त्याने हाय खाल्ली’ असे मराठी माणूसही म्हणतोच ना? म्हणतो. हाय खाल्लेला माणूस जेवण टाकतो, औषध टाळतो, आणि त्याने शरीर खरेच खालावते. पण अशाला उपदेश करायचा नसतो, बसून चार घास भरवायचे असतात.

‘उमेद’ आणि ‘उभारी’ हेही चांगले शब्द आहेत, पण ते उपचार संपत आल्यावर, चालण्याफिरण्याची ताकद येऊ लागल्यावर शोभतात. केमोच्या आठवड्यात मी ‘धीराने घ्या, मावशी’ एवढेच म्हणेन, आणि पुढे ‘उद्या डबा मी आणते’. ‘धीर’ पुल्लिंगी, त्यामुळे ‘धीर दिला’, ‘धीर दिली’ नव्हे.